गुलमोहरावरचा हिरवा दोरा

संक्रांत होऊन तीन दिवस झाले होते. सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात समोरच्या गुलमोहरावर कावळ्यांनी कालवा केला. पाहिलं तर एक घार उलटी लोंबकळत होती. डावा पंख पुरा ताणलेला आणि बाकीचं सगळं अंग त्या एका पंखाला टांगलेलं. कावळे झेप घेऊन टोचून जात होते. मेलीच असेल असं वाटलं. मग तिनं मान वळवली.

आमची सोसायटी ठाकुर्लीत, ९० फुटी रस्त्याच्या मागे. अग्निशमन दलाला फोन केला. जवान आले, शिडी लावली, एकानं घारीवर टॉवेल टाकला आणि दोरा दोन्ही बाजूंनी कापून तिला खाली आणलं. मी पंखातला दोरा सोडवायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, “ताई, ओढू नका. तसाच राहू द्या, डॉक्टर काढतील.” हे मला माहीत नव्हतं. दोरा ओढला की जखम आणखी चिरत जाते.

घार इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. आभाळात काळी दिसते, हातभर अंतरावर ती तपकिरी निघाली. पंखाच्या पुढच्या कडेला दोरा कातडीत शिरून थेट हाडाला भिडला होता. हिरवा, गुळगुळीत, मासे धरायच्या गळाला असतो तसला. जखमेला मुंग्या लागल्या होत्या.

माझा मुलगा तेव्हा सातवीत होता. तो शेजारी उभा होता, काही बोलत नव्हता. त्याच्या फिरकीवर असलाच हिरवा दोरा होता. फिरकीचे पैसे मीच दिले होते. कसला दोरा आणलास, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

जवळच्या दवाखान्यात पक्ष्यांवर उपचार होत नव्हते, ठाण्याला न्या म्हणाले. पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडली, खाली जुनी चादर घातली आणि धीम्या लोकलनं निघालो. बायकांच्या डब्यात खिडकीपाशी एक मावशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. कोपर गेलं, दिवा गेलं. प्रत्येक स्टेशनावर ब्रेक लागला की आत नखांचा खरखर आवाज यायचा आणि मुलगा खोकं उघडून बघायचा. मावशींनी त्याचा हात धरला. “नको उघडूस रे बाळा. अंधारात जीव शांत राहतो. आमच्या कोंबड्या मी अशाच नेते.” त्यांनी जुड्यांवरचं ओलं फडकं काढलं, पिळलं आणि वरून झाकलं. मुंब्र्याची खाडी येईपर्यंत खरखर थांबली होती. उतरताना मी फडकं परत द्यायला लागले, तर त्या नको म्हणाल्या.

डॉक्टरांनी अर्धा तास खपून दोरा काढला. पंख जुळला तरी ती उडेल असं वाटत नाही, हे त्यांनी मुलासमोरच सांगितलं. मला ते बरं वाटलं. चौथ्या दिवशी घार गेल्याचा फोन आला.

मुलगा म्हणाला, “आई, तो माझाच दोरा असेल का?” नसेलही. त्या दिवशी आमच्या आसपासच्या गच्च्यांवर शंभर पतंग होते. पण नाही म्हणून त्याला मोकळं करणं मला जमलं नाही, कारण मग मीही मोकळी झाले असते. त्यानं फिरकी आणली आणि आम्ही दोघांनी बसून सगळा दोरा कात्रीनं बोटभर तुकडे करून कापला. अख्खा टाकला असता तर कचऱ्यात पुन्हा कुणाच्या तरी पायात अडकला असता.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि पोरं त्याला चायनीज मांजा म्हणतात. दुचाकीवाल्यांचे गळे चिरले की त्याची बातमी होते, आणि व्हायलाच हवी. पण सुती दोरा उन्हापावसात कुजून तुटतो, नायलॉन कुजत नाही. सण संपतो आणि दोरा झाडांवर महिनोन्‌महिने राहतो. घारी, कावळे संध्याकाळी परतताना आणि रातबगळे बाहेर पडताना त्यात सापडतात. गुजरातमध्ये उत्तरायणाच्या दिवसांत सरकारच करुणा अभियान चालवतं, जखमी पक्ष्यांसाठी केंद्रं उघडतं आणि पक्षी बाहेर पडायच्या नि परतायच्या वेळी पतंग उडवू नका म्हणून सांगतं. आपल्याकडे निदान एवढी वेळ तरी पाळता येईल, असं मी सोसायटीच्या सभेत मांडलं. दोघांनी मान डोलावली, बाकीचे पार्किंगवर बोलू लागले.

मग सासरच्या गावाहून आंबे काढायची आकडी आणली. आता १५ जानेवारीपासून रोज सकाळी शाळेआधी आम्ही ९० फुटी रस्त्यानं फिरतो. आकडी अडकवायची, दोरा हळूच गुंडाळायचा, झटका द्यायचा नाही. पहिल्या वर्षी आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या वर्षी खालच्या मजल्यावरची दोन मुलं आली. त्यातला एक पतंग उडवण्यात पटाईत, त्यामुळे कुठल्या झाडात दोरा अडकलाय हे त्याला लांबून कळतं. यंदा तो स्वतः सुती दोऱ्यानं खेळला आणि सगळे पेच हरला. दुसऱ्या दिवशी आकडी धरायला आला तेव्हा त्याच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

परवा त्यानंच दाखवलं. नव्या इमारतीच्या मागे निलगिरीवर घारीचं घरटं आहे. थंडीत त्यांची घरटी बांधायची वेळ असते, आणि काटक्यांबरोबर त्या चिंध्या, दोरे, जे मिळेल ते नेतात. काटक्यांमधून हिरवा दोरा खाली लोंबतोय आणि मादी आत बसून आहे. पिल्लं निघाली की त्यांच्या पायात तो गुंतू शकतो. शिडी लावली तर ती घरटं सोडून जाईल. आकडी तिथवर पोचत नाही. मुलगा रोज संध्याकाळी क्लासहून येताना त्या झाडाखाली थांबतो आणि घरी येऊन सांगतो, आज ती बसली होती की नव्हती.