विकतचें भय

भयासाठीं पदरचे पैसे मोजणारा प्राणी मनुष्यावांचून दुसरा नसावा. हरणाला वाघाची भीति फुकट मिळते, आणि ती त्याला नको असते. मनुष्य मात्र घराला कुलूप, रस्त्याला दिवे आणि गांवाला पोलीस मिळवून एकदां निर्भय झाला, कीं भय कोठें विकत मिळेल याची चौकशी करूं लागतो. आमच्या लहानपणीं हा माल फार स्वस्त होता. रात्रीं आजीचे पाय चेपले, कीं त्या मोबदल्यांत ती पिंपळावरच्या मुंजाची एक गोष्ट सांगे, आणि तेवढें भय आम्हांला आठवडाभर पुरे. परसांत एकट्यानें जाण्याची पंचाईत होई ती निराळी. आतां या मालाचे कारखाने निघाले आहेत, आणि त्यांतल्या एका नामांकित कारखान्यांत आम्ही जाऊन आलों आहों.

२०२३ च्या ऑक्टोबरांत आम्ही उभयतां कॅलिफोर्नियांत धाकट्या भावाकडे होतों. त्याची कन्या नुकती विशींत आलेली. तिनें आम्हांला ब्वेना पार्क येथील नॉट्स बेरी फार्म नांवाच्या क्रीडोद्यानांत रात्रीं नेलें. मूळची ही वॉल्टर नॉट नांवाच्या शेतकऱ्याची फळांची वाडी. तो रस्त्याच्या कडेला बॉयसनबेरी विकीत असे, आणि त्याची पत्नी कोंबडीचें जेवण वाढीत असे. जेवणासाठीं ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांचें मन रमावें म्हणून १९४० पासून त्यानें तेथें जुन्या पश्चिमेंतलें एक ओसाड गांव उभारावयास आरंभ केला, आणि त्याला नांव दिलें 'घोस्ट टाउन'. भुताच्या नांवाचें गांव हातीं असल्यावर पुढचें सुचावयास फार काळ लागूं नये, पण तीसाहून अधिक वर्षें लागलीं. १९७३ पासून मात्र हॅलोवीनच्या सुमारास हें उद्यान दिवसा एक आणि रात्रीं दुसरें असा दुहेरी संसार करीत आलें आहे. यश पाहून इतरांनींहि दुकानें थाटलीं. फ्लोरिडांतल्या युनिव्हर्सल स्टुडिओनें १९९१ सालीं थाटलें. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकांतहि 'सलीमगढ' नांवाचें एक भुताटकीचें घर आहे.

संध्याकाळीं दिवसाच्या पाहुण्यांना निरोप देतात, आणि अंधार पडला कीं निराळें तिकीट काढून आलेल्यांसाठीं दारें उघडतात. तेरा वर्षांखालील मुलांना आणूं नये असा इशारा आधींच दिलेला असतो. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकांविषयीं कांहीं इशारा नव्हता. यंत्रानें सोडलेलें धुकें सगळ्या वाटा भरून टाकतें आणि त्यांत तोंडें रंगविलेलीं पगारी भुतें दबा धरून बसतात. कांहीं भुतें गुडघ्यांना धातूच्या वाट्या बांधून दुरून धांवत येतात आणि फरशीवरून गुडघ्यांवर घसरत, ठिणग्या उडवीत, थेट आपल्या पायांशीं येऊन थांबतात. असें एक भूत आमच्यापुढें येऊन थांबलें तेव्हां पुतणी जिवाच्या आकांतानें ओरडली आणि लगेच खदखदून हंसली. आमच्या सौभाग्यवतींनीं आमचें मनगट घट्ट धरलें व म्हटलें, “अहो, ह्याच्या गुडघ्यांचं काय होत असेल हो!”

“काकू, इथं भ्यायचं असतं, दया नाहीं करायची!” पुतणी म्हणाली.

ॲरिस्टॉटलनें शोकनाट्याच्या चर्चेंत करुणा आणि भीति यांची एकाच दाव्याला गांठ कां मारली, याचें इतकें सुबोध उदाहरण आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत हातीं लागलें नव्हतें.

या उत्सवाचें मूळ अमेरिकेंत नाहीं. आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्ट लोकांचा उन्हाळा सरून हिवाळा लागतांनाचा एक सण होता. त्या रात्रीं जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा विरळ होतो अशी समजूत. पुढें ख्रिस्ती पंचांगांत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला, आणि त्याची पूर्वसंध्या ती हॅलोवीन. आयरिश लोक सलगम कोरून त्यांत दिवा ठेवीत. अमेरिकेंत गेल्यावर त्यांना भोपळा सांपडला. आपल्याकडेहि वर्षाच्या याच भागांत पितरांचा पंधरवडा येतो, धनत्रयोदशीला यमासाठीं दक्षिणेकडे दिवा लागतो, आणि बंगाली माणसें तर नरकचतुर्दशीला भूत-चतुर्दशी म्हणून चौदा दिवे लावतात. आमच्या नागपुरांत भयाची मिरवणूक त्याहि आधीं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असें सांगतात. फरक एवढाच, कीं अमेरिकन माणूस अवदसेला तिकीट काढून भेटावयास जातो, आणि नागपूरकर तिला वाजतगाजत गांवाबाहेर नेऊन जाळून येतो.

२०२४ सालीं योग असा आला कीं नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशीं, ३१ ऑक्टोबरला पडलीं. पुतणी दिवाळीसाठीं आमच्याकडे आली होती. अभ्यंगस्नान झालें, फराळ झाला, पण “आज तिकडे काय धमाल असेल!” हें तिनें दोनदां म्हटलें. मग विचारलें, “काका, इथं घाबरायला कुठं जातात?” प्रश्न गमतीचा होता. उत्तर म्हणून भाऊबीज आटोपल्यावर आम्ही तिला नागझिऱ्याला घेऊन गेलों.

नागपुराहून साकोली शंभर किलोमीटरांच्या आसपास, आणि तेथून पिटेझरीचें फाटक जवळच. नागझिरा हें नांव नागाच्या ठाण्यावरून व झऱ्यावरून पडलें म्हणतात. व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळें तें रान न पाहिलेल्या मराठी माणसालाहि तें ओळखीचें झालेलें आहे. १९७० सालीं हें अभयारण्य झालें आणि २०१३ मध्यें नवेगांवाशीं जोडून त्याचा व्याघ्रप्रकल्प करण्यांत आला. अभयारण्य, म्हणजे जेथें भय नाहीं असें अरण्य. आणि आम्ही तर तेथें भय हुडकावयास निघालों होतों! शब्द खोटा नाहीं. अभय दिलेलें आहे तें जनावरांना, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे झालें.

पहांटे उघड्या जीपगाडींतून आंत शिरलों. पावसाळ्यानंतरचे हे दिवस मोठ्या रानकोळ्यांचे. वाटेच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत सोनेरी झांकेचीं जाळीं ताणलेलीं, आणि मधोमध पाय पसरून पंजाएवढी मादी बसलेली. उद्यानांत कापसाचीं जाळीं पाहून किंचाळणारी आमची पुतणी हीं खरीं जाळीं पाहून श्वास रोखून बसली, किंचाळली नाहीं. पुढें एका वळणावर पांढऱ्याफेक सालीचें, नागवें वाटणारें एक झाड उभें होतें. हें कुलूचें झाड. त्याच्या डिंकाला बाजारांत भाव आहे. पण आमच्या वाटाड्यानें त्याची ओळख करून दिली ती “हे भुताचं झाड” अशी. चांदण्यांत तें दुरून हात पसरून उभें राहिल्यासारखें दिसतें. हॅलोवीनच्या कारागिरांना असें झाड घडवावयाला किती सिमेंट लागेल, कोण जाणे!

मग एकाएकीं सांबराची हांक आली. ज्यांनीं ती ऐकली नसेल त्यांना ती शब्दांनीं ऐकवतां येणार नाहीं. कोणी रिकाम्या पिंपावर एकच ठोसा मारावा, तशी ती येते आणि थांबते. वाटाड्यानें बोट वर केलें, गाडीचें यंत्र बंद झालें. वाटेच्या मऊ मातींत पंजाचे ताजे ठसे होते आणि ते आमच्या गाडीच्या दिशेनें येऊन डावीकडच्या बांबूंत शिरले होते. वीस मिनिटें कोणी बोललें नाहीं. वानर एकदां खोकलें. बांबूंचीं दोन पानें हललीं तीं वाऱ्यानें कीं आणखी कशानें, तें कळलें नाहीं. पुतणीचा हात आमच्या हातांत होता, तो थंडगार झाला होता. आणि मग कांहींच झालें नाहीं. सांबर गप्प झालें, पाखरें बोलूं लागलीं, गाडी सुरू झाली. नागझिऱ्यांत न दिसलेल्या वाघाचे पैसे परत मिळत नाहींत.

भरतानें आठ रसांत भयानकाला जागा दिली ती रंगभूमीपुरती. एडमंड बर्क या इंग्रज-आयरिश पंडितानें १७५७ सालीं असें मांडलें, कीं संकट अगदीं अंगाशीं आलें तर त्यांत केवळ यातना असते. पण तें कांहीं अंतरावर असलें तर त्यांतून एक प्रकारचा आनंद होतो. सारा व्यापार या अंतराचा आहे. उद्यानवाले तें अंतर फुटपट्टीनें मोजून देतात: भुतानें अंगाला हात लावावयाचा नाहीं, बाहेर जाण्याचें दार जवळच. त्यांत आम्हांला कांहीं गैर दिसत नाहीं. तो एक प्रामाणिक धंदा आहे. जंगलच्या सहलींत मात्र आमचें आणि वाघाचें अंतर राखणारी गोष्ट म्हणजे ती जीपगाडी. ती गाडी ज्यांना नाहीं, त्यांचें काय?

त्यांची गांठ त्याच रात्रीं पडली. दिवाळीनंतर झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते. गोवारी मंडळी डफाच्या तालावर नाचतात, वाणसामानाचीं, मिठाईचीं, उकडलेल्या शिंगाड्यांचीं दुकानें लागतात, पोरें हातानें ढकलण्याच्या पाळण्यांत बसतात, आणि रात्रीं दंडार नाहींतर नाटक. वडशाच्या नाटकमंडळ्यांचा हंगामहि याच दिवसांत सुरू होतो. वाटाड्याच्या गांवची मंडई होती आणि त्यानें आग्रह केला म्हणून आम्ही गेलों. शिंगाडे सोलतां सोलतां पुतणीनें त्याला विचारलें, “तुला रोज जंगलांत जायची भीति नाहीं वाटत?”

“मी तं गाडीत रायतो जी,” तो म्हणाला. “माय जाते सरपनाले. अस्वलाचं भेव जास्त. वाघ मानूस पाहून सरकते, अस्वल अंगावर येते.”

“मग कशाला जाते?”

“भेव तं लागते जी, पन सरपन बी लागते.”

मग त्यानें, कोणी हवापाण्याची गोष्ट सांगावी तशा स्वरांत, सांगितलें कीं तीन उन्हाळ्यांपूर्वीं त्याच्या वस्तींतली एक बाई पहांटे मोहफुलें वेचावयास गेली, तिला वाघानें धरलें. वांकून वेचणारा मनुष्य मागून चौपायाएवढाच दिसतो. तिच्याबरोबर गेलेल्या चौघींत त्याची आई होती. दुसऱ्या वर्षीं मोह फुलला तेव्हां ती पुन्हां गेली.

“एकटी?” पुतणीनें विचारलें.

“नाई जी. सात-आठ बाया जातेत. जोरजोरानं बोलत जातेत.”

मे २०२३ मध्यें ब्रह्मपुरीकडच्या रानांतून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यांत सोडल्या आणि एप्रिल २०२४ मध्यें तिसरी सोडली, हें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें आणि आनंद मानला होता. आजहि मानतों; या रानांत वाघाचा वंश वाढला पाहिजे. परंतु ती बातमी वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें वाघीण उभी राहिली होती, पहांटे जोरजोरानें बोलत रानांत शिरणाऱ्या सात-आठ बाया उभ्या राहिल्या नव्हत्या.

पुतणी बराच वेळ बोलली नाहीं. सौभाग्यवतींनीं तिच्यापुढें शिंगाड्यांचा पुडा सरकविला, तरी तिनें घेतला नाहीं. वाटाड्यालाच बहुधा संकोच वाटला असावा. त्यानें विषय बदलला. आमच्याकडून त्यानें त्या अमेरिकेंतल्या भुतांची हकीकत ऐकली होती. “तिकडं भुताचं सोंग घेनाऱ्याले रोजी किती भेटते जी?”

पुतणीनें तासाचा दर सांगितला. त्यानें मनांतल्या मनांत रुपये केले आणि, “तासाचे?” म्हणून दोनदां विचारलें. मग म्हणाला, “अन् पाहनारे मारत नाईत त्याइले? आमच्या दंडारीत राक्षसाच्या सोंगाले पोट्टे गोटे मारतेत.” तेव्हां कोठें ती हंसली.

परततांना चतुर्थीची कोर केव्हांच मावळली होती. वाटाडा आम्हांला उतरण्याच्या जागेपर्यंत पोंचवावयास आला. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलें धान, त्यांत रानडुकरांची ये-जा. विजेरीच्या उजेडांत बांधावर हात पसरून उभी असलेली एक आकृति दिसली आणि पुतणी जागच्या जागीं थांबली. बुजगावणें होतें, अंगांत जुना सदरा, डोक्यावर फुटकें मडकें. असलीं बुजगावणीं तिनें उद्यानांत शोभेसाठीं मांडलेलीं कितीतरी पाहिलीं होतीं. तिनें विचारलें, “ह्याला डुकरं खरंच भितात?”

“पयले दोन दिस भितेत,” वाटाडा म्हणाला, “मंग मानूसच बसवा लागते.”

इतक्यांत शेताच्या मध्यावरल्या माळ्यावरून, काळ्याकुट्ट अंधारांतून, हांक आली, “कोन व्हय?”

वाटाड्यानें गांवाचें नांव सांगितलें, पाहुणे आहेत म्हणून सांगितलें. अंधारांतल्या आवाजानें मंडईला गर्दी किती झाली, नाटक कोणतें लागलें, बाजाची पेटी आली कीं नाहीं, असें सगळें विचारून घेतलें. बोलणें सरलें तशी आम्ही पुढें निघालों, आणि मागें माळ्यावरचा पत्र्याचा डबा पुन्हां वाजूं लागला.