शिझुओकाची बग्गी

‘बग्गी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे घोडागाडी उभी राहते. जपानमधील शिझुओका शहरात मात्र या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे बग्गी म्हणजे जाड रबरी चाकांची, खाचखळग्यांतून उड्या मारीत धावणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची बिनतारी मोटार. मुलाने वर्षभर धरलेल्या हट्टापायी गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे तेथे गेलो. तो बारा वर्षांचा आहे.

टोकियोहून वेगवान आगगाडीने सुमारे तासाभरात शिझुओका येते. दक्षिणेस सुरुगाचा उपसागर, डोंगरउतारांवर चहाचे मळे आणि आकाश निवळले की ईशान्येस फूजी पर्वत. येथील सेंगेन देवालयाच्या बांधकामासाठी तोकुगावा राजवटीत दूरदूरचे कारागीर आले व पुढे येथेच स्थायिक झाले, असे सांगतात. लाकूड घडविण्याची तीच परंपरा कालांतराने खेळण्यांत उतरली. तामिया ही येथील कंपनी १९४६ साली लाकडाच्या धंद्यातूनच उभी राहिली. आधी लाकडी प्रतिकृती, मग प्लॅस्टिकच्या, १९७६ मध्ये पहिली बिनतारी मोटार आणि १९७९ मध्ये वाळूत धावणारी बग्गी, असा तिचा प्रवास आहे.

आम्ही घेतलेली बग्गी ‘ग्रासहॉपर’, म्हणजे नाकतोडा. ती मूळ १९८४ सालची. पेटी उघडली तेव्हा आत गाडी नव्हतीच. होते ते सुटे भाग, स्क्रू आणि चित्रमय पुस्तिका! माझे एक स्नेही तेथे नोकरीस आहेत. त्यांच्या घरी बसून दोन संध्याकाळी मुलाने ती जोडली. मागचा आस आणि मोटर एकाच पेटीत असतात, व खड्डा आला की ती पेटीच स्प्रिंगांवर वर-खाली डुलते, हे त्याला हाताने जोडताना उमगले.

परंतु धीर कोठला? “बाबा, मोठी मोटर घेऊ या ना!” मी घेऊन दिली. शहराबाहेरच्या एका मातीच्या धावपट्टीवर रविवारी शर्यत होती. पूर्वी प्रत्येक गाडीसाठी निराळी रेडिओ-लहर राखावी लागे. दोघांची लहर एक झाली की एकाचा हुकूम दुसऱ्याची गाडी पाळी! आता नव्या यंत्रणेमुळे ती अडचण उरलेली नाही. सरावात आमची गाडी सरळ वाटेवर सर्वांच्या पुढे गेली. वळणावर मात्र पुढची चाके वळेनात. ती कडेच्या फळीवर आदळली आणि उलटली. तिसऱ्या खेपेस मुलाने यंत्र माझ्या हाती दिले. “मला नाही खेळायचे,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. हट्ट पुरविण्याच्या भरात चूक माझीच झाली होती.

शेजारच्या बाकावर एक वृद्ध गृहस्थ आपली गाडी पुशीत होते. त्यांनी आमची गाडी मागितली आणि एक चाक बोटाने फिरविले. ते चटकन थांबले. मग त्यांनी आपल्या गाडीचे चाक फिरविले. ते कितीतरी वेळ फिरत राहिले. माझे स्नेही दुभाषी झाले. चाकांच्या आसाभोवती प्लॅस्टिकच्या चकत्या होत्या. त्यांच्या जागी छऱ्यांच्या बेअरिंग घालाव्यात, म्हणजे घर्षण घटते व आहे तीच शक्ती पुरते. मोठी मोटर जड, तीही मागच्या टोकाला. म्हणून पुढची बाजू हलकी पडते. तेव्हा जुनी मोटर परत लावावी, आणि वळणापूर्वी वेग सोडावा. एवढे सांगून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर स्वतः न चालविता मुलाच्या हाती ठेवला.

दुपारच्या शर्यतीत आठ गाड्या होत्या. आमचा नाकतोडा पाचवा आला; एकदाही उलटला नाही. मुलाने त्या गृहस्थांना कमरेत वाकून नमस्कार केला, तसाच त्यांनीही त्याला केला.

आता ती गाडी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत धावते. मोठी मोटर मुलाच्या खणात कागदात गुंडाळलेली आहे. परवा मी तिची आठवण काढली, तर तो म्हणाला, “बाबा, अजून नको. आधी मला वळण नीट घेता येऊ दे.”