गच्चीवरची तार आणि एक छोटी पेटी

विश्वस्तांच्या सभेत रेडिओ क्लबच्या खर्चाचा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला, "हाती मोबाईल असताना हॅम रेडिओ कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या हैदराबादेतच आहे. येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेतर्फे भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये आपल्या चमूसह अंदमानात गेल्या होत्या. पोर्ट ब्लेअरहून जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधायचा, एवढाच बेत होता. २६ डिसेंबरला भूकंप झाला, त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले; आणि हौसेसाठी नेलेल्या त्याच संचांवरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचू लागले.

आता आपल्या गच्चीकडे वळू. एका परवानाधारक पालकांच्या देखरेखीखाली नववीची मुले तेथे तार बांधतात. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी साधा द्विध्रुवी अँटेना सुमारे २० मीटर लांब लागतो. आपली गच्ची तेवढी नाही. तार दुमडली, कठड्यावरून खाली सोडली, तरी मीटरचा काटा ३ च्या खाली येईना. म्हणजे तारेकडे निघालेल्या शक्तीचा चौथा हिस्सा परत फिरतो. संच अवघा ५ वॅटचा, त्यात ही परतफेड!

येथे मुलांनी स्वयंचलित अँटेना ट्यूनरची मागणी केली. आम्ही हिंदी माध्यमाचे पदवीधर. आमच्या पुस्तकात इंपीडन्सला 'प्रतिबाधा' म्हणत, मराठीत 'संरोध' म्हणतात. शब्द कोणताही घ्या, रेडिओ संचाला समोर ५० ओहम हवे असतात आणि आखूड, वाकडी तार ते देत नाही. ट्यूनर मध्ये बसून हा मेळ घालतो. त्यात सात कॉइल आणि सात कपॅसिटर असले, तर रिले त्यांना पटापट जोडून-तोडून पाहतात. प्रत्येकाच्या १२८ जुळण्या. एकमेकांशी गुणल्या की १६,३८४. कपॅसिटर संचाकडे की तारेकडे हा पर्याय धरला तर ३२,७६८. सगळ्या काही तपासत नाही, थोड्या सेकंदांत कामापुरती सापडते. बटण दाबल्यावर होणारी ती कडकड मुलांना फार आवडते. कमी शक्तीच्या काही ट्यूनरमधले रिले एकदा बसले की वीज न घेता तसेच राहतात, म्हणून छोटी बॅटरी पुष्कळ दिवस पुरते.

एक गोष्ट मात्र पालकांनी आणि विश्वस्तांनीही लक्षात घ्यावी. नाव ट्यूनर असले तरी तो अँटेना सुधारत नाही. संचाला बरे वाटते, काटा खाली येतो. आखूड तार आखूडच राहते. शिवाय ट्यूनर खाली खोलीत ठेवला तर वर जाणाऱ्या केबलमध्ये होणारी हानी चालूच राहते. तो गच्चीवर, तारेच्या पायथ्याशी ठेवलेला बरा. म्हणून आमचे मत असे, की आधी चांगली तार, दोन बांबू आणि भरवशाचे अर्थिंग, ट्यूनर त्यानंतर. मुले रुसली आहेत. रुसू देत.

दुसरी अडचण खास आपल्या शहराची. संक्रांतीला मांजा तारेत अडकतो आणि तो काढायला पोरे कठड्यावर चढतात. तेव्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तार उतरवली जाईल. याबाबत कोणाचीही रदबदली चालणार नाही.

परवान्याशिवाय संच चालवून बोलणे गुन्हा आहे. परीक्षा केंद्र सरकारची असते आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना ती देता येते. आठवी-नववीच्या ज्या विद्यार्थ्यांना, आणि विशेषतः विद्यार्थिनींना, तयारी करावयाची आहे त्यांनी पालकांचे संमतीपत्र वर्गशिक्षकांकडे द्यावे. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत आम्ही स्वतः बसतो.