वरचं दूध

गेल्या महिन्यात लेक बाळाला घेऊन बेळगावला आली. नातीचा पहिला वाढदिवस आमच्याकडे करायचं ठरलं होतं. वाढदिवस झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ओट्यावर पाच दुधं! आमच्या नेहमीच्या दूधवाल्याचं म्हशीचं दूध, नणंदबाईंनी मुद्दाम पाठवलेली देशी गाईच्या दुधाची काचेची बाटली, दुकानातली पिशवी, लेकीने पुण्याहून आणलेला दुधाच्या पावडरचा डबा आणि तिच्या कुठल्याशा मैत्रिणीने दिलेलं बदामाच्या दुधाचं खोकं.

पुण्याला परतल्यावर तिला रोज ऑफिसला जायचं होतं. इतके दिवस घरातूनच काम चाललं होतं, मध्ये मध्ये उठून पाजता येत होतं. आता बाळाला वरचं दूध लावायला हवं. “आई, तू दोन मुलं वाढवलीस. सांग ना, कुठलं देऊ?”

मी भांडी विसळत राहिले. आमच्या घरात मी सगळ्यांना सल्ले देते, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ह्या प्रश्नाला माझ्याकडून पटकन उत्तर आलं नाही. कारण ह्याच प्रश्नात मी एकदा नापास झालेली आहे, आणि ते मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं.

माझं सासर चिक्कोडी तालुक्यात, दूधगंगेच्या काठी. नदीचं नावच दूधगंगा, मग दुधाला काय तोटा! गोठ्यात तीन म्हशी. मुलगा 1987 च्या फेब्रुवारीत झाला. तेरा महिन्यांचा असताना मला पुन्हा दिवस राहिले. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, कानावर गेल्याबरोबर त्या म्हणाल्या, “आता अंगावरचं बंद कर. पोटुशीचं दूध पोराला बाधतं.” तेव्हा सगळेच असं म्हणत. पुढे डॉक्टरांनी सांगितलं, गरोदरपणात काही अडचण नसेल तर पाजलेलं चालतं, दूध नासत बिसत नाही. पण 1988 साली मला कोण सांगणार? आणि सांगितलं असतं तरी मी आत्याबाईंपुढे तोंड उघडलं असतं का?

कडुलिंबाचा पाला वाटून लावला. पोराने तोंड लावलं, वाकडं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी अजून विसरले नाही. दोन रात्री तो आजीजवळ झोपला. झोपला कसला, रडला. मी पलीकडच्या खोलीत. पान्हा फुटायचा, चोळी भिजायची, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिसऱ्या दिवशी तो गप्प झाला. सगळे म्हणाले, “सुटलं बघ.”

मग म्हशीचं दूध सुरू झालं. आत्याबाई दुधाच्या बाबतीत फार कडक. धार काढली की दुहेरी फडक्यातून गाळायचं आणि दोन घटकांच्या, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या, आत तापवायचं. उशीर झाला तर ते दूध आपल्या घरात चालायचं नाही. दुधात जीव उत्पन्न होतात म्हणून. शास्त्र त्यांनी बस्तीत ऐकलेलं, पण त्याने आमच्या घरातली मुलं एका मोठ्या धोक्यातून वाचली हे नक्की. कच्च्या दुधातून क्षय येतो, ब्रुसेलाचा ताप येतो. ‘धारोष्ण दूध पाज, अंगी लागेल’ असं सांगणारे आजही आहेत. त्यांचं ऐकू नका, दूध उकळूनच द्या.

तर दूध शुद्ध होतं, दाट होतं, घरचं होतं. चूक दुधात नव्हती. चूक मापात होती.

पोराला बाटलीची सवय लागली. रडला की बाटली, झोपताना बाटली, रात्री उठला की बाटली. मला उलट्या होत होत्या. त्याला मांडीवर घेऊन एकेक घास भरवायची ताकद नव्हती. बाटली दिली की अर्धा तास शांतता. दीड वर्षाचा होईपर्यंत दिवसाला सव्वा लिटर दूध पिऊ लागला. पोट भरलेलं, मग जेवेल कशाला? मऊभाताचे दोन घास थुंकून टाकायचा. आम्हाला मात्र कौतुक. “दूध पिऊन कसा गोरा झालाय!” शेजारणी म्हणायच्या. मलाही तो गोराच दिसायचा.

मग तो भिंत चाटायला लागला. चुन्याची भिंत होती परसात. माती खायचा, उकरून उकरून खायचा. आत्याबाई म्हणाल्या जंत झालेत, वावडिंग दिलं. चार पावलं चालला की बसायचा. त्यात चातुर्मास सुरू, म्हणजे घरात पालेभाजी नाही. मला आठवा महिना. बाळंतपणाला माहेरी निघण्याआधी मामंजी म्हणाले, पोराला एकदा निपाणीला दाखवून ये.

डॉक्टरांनी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत लाली नव्हतीच, कागदासारखं पांढरं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेसहा. निदान अकरा तरी हवं होतं. ते म्हणाले, “बाई, दूध किती पितो?” मी अभिमानाने सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या पोराला दूध कमी पडत नाही. जास्त होतंय.”

तेव्हा समजलं ते आता सगळ्या आयांना सांगते. दुधात लोह जवळपास नसतंच. गाईच्या नाही, म्हशीच्या नाही. देशी गाईच्या असो की संकरित, फरक नाही. आईच्या दुधातही ते थोडंच, पण जे असतं ते बाळाच्या अंगी चांगलं लागतं. वरच्या दुधाने पोट भरलं की लोह देणारं अन्न पोटात जात नाही, आणि जेवणाबरोबर दूध दिलं तर अन्नातलं लोहही शरीर नीट घेत नाही. फार लहान बाळांच्या आतड्यांतून तर ह्या दुधाने थोडं थोडं रक्तही जातं. म्हणूनच वर्षाच्या आत ते मुख्य दूध म्हणून देत नाहीत. माती खाणं, भिंत चाटणं हे जंतांपेक्षा पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. माझं पोर तोंडाने सांगू शकत नव्हतं ते भिंत चाटून सांगत होतं, आणि मी त्याला रागावत होते.

बाटली त्याच दिवशी सुटली. लोहाचं औषध सुरू झालं, दूध अर्ध्या लिटरच्या आत आलं, तेही बोंडल्याने. नाचणीची आंबील, मसुराचं वरण लिंबू पिळून, खजूर. तीन महिन्यांत गालांवर रंग आला. भिंत सुटली. तोपर्यंत तू जन्मली होतीस, मी लेकीला म्हटलं.

आज तो चांगला इंजिनिअर आहे, कोल्हापुरात असतो. पण त्या वयात लोह कमी पडलं तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, असं मी पुढे कुठेतरी वाचलं आणि माझी झोप गेली. शाळेत त्याला गणितात मार्क कमी पडले की तो रडायचा नाही, मी रडायची. का रडते हे कुणाला सांगितलं नाही.

लेक ऐकत होती. मग म्हणाली, “म्हणजे माझ्यामुळे त्याचं दूध तुटलं?”

“तुझ्यामुळे नाही गं. घाईमुळे.”

मग आम्ही दोघी ओट्यावरच्या दुधांपुढे उभ्या राहिलो, आणि माझ्या अनुभवाने नि तिच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टींनी एकेक निवडत गेलो.

पावडरचा डबा आधी बाजूला ठेवला. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला त्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 मध्ये तसंच सांगितलं आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी अशा डब्यांची आणि दूधबाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे, 1992 चा कायदा, 2003 मध्ये आणखी कडक केलेला. तरी डबा घरात येतोच!

गाय की म्हैस? वर्षानंतर दोन्ही चालतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, गाईच्या जवळपास दुप्पट. काही मुलांना ते जड जातं, शी घट्ट होते. त्यांना गाईचं द्यावं. पण दुधात निम्मं पाणी घालून देऊ नये. पाणी पचतं हो, पण त्याने पोषण काय होणार? पिशवीचं घेतलं तर तीही चालते, फक्त डबल टोन्ड नको. दोन वर्षांपर्यंत मुलाला साय हवी. आणि कुठलंही असो, दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत, पेल्याने किंवा बोंडल्याने, जेवणानंतर काही वेळाने. दही, ताकही त्यातच धरायचं.

राहिलं बदामाचं खोकं. लेक थोडी अडखळत म्हणाली, “आई, माझ्या दोन-तीन जैन मैत्रिणींनी दूध सोडलंय. म्हणतात, ही हिंसाच आहे. मला ते खोटं ठरवता येत नाही.”

मलाही येत नाही. आत्याबाई धार काढायला बसल्या की चार सडांपैकी एक सड रेडकाचं ठेवायच्या. कितीही नड असो, त्या सडाला हात नाही. पुढे गावात दूध संकलन सुरू झालं, फॅटवर दर मिळू लागला, आणि घरोघरी चौथं सडही पिळलं जाऊ लागलं. मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. ती बिचारी चाटत होती, पान्हा सोडत होती. तिथून मी चालत घरी आले ती माझी चोळी भिजवणारी रात्र आठवत. आपल्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठ म्हणतो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. शेवटचा काय? कुणाचं अन्नपाणी अडवणं. वासराच्या तोंडचं दूध अडवणं ह्यात बसतं की नाही, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं.

पण वर्षाच्या पोरीच्या जिवावर मी हा प्रश्न सोडवणार नाही. आपल्या घरात अंडं नाही, मांस नाही. बी-बारा हे जीवनसत्त्व आपल्याला मिळतं ते दूध, दही, ताकातूनच. माझं स्वतःचं पन्नाशीत इतकं कमी झालं की पायांना मुंग्या यायच्या, इंजेक्शनं घ्यावी लागली. आईचंच कमी असेल तर तिच्या अंगावरच्या दुधातही कमी उतरतं. बदामाच्या दुधात प्रथिनं थोडी, आणि बी-बारा वरून घातलेलं असेल तेवढंच. ज्या घरात दूध द्यायचंच नाही, त्यांनी आधी मुलांच्या डॉक्टरांना विचारून बी-बाराचं औषध ठरवावं, मग सोडावं. आपल्या व्रताची किंमत लेकराने नकळत मोजू नये.

“मग हिंसेचं काय?” लेकीने विचारलं.

मी म्हटलं, “नियम मी घेते.” त्या दिवसापासून माझा दुधाचा चहा बंद. दिवसाला तीन कप घेत होते, म्हणजे पाव लिटर तरी दूध. साठी झाली, मला कशाला हवं ते? आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या गोठ्यावर जाऊन आले. रेडकू जिवंत होतं, आईजवळ बांधलेलं होतं. दोर थोडा लांब कर म्हणून सांगून आले. तो हसला, पण लांब केला.

लेकीने अंगावरचं दूध तोडलं नाही. दिवसा तीन वेळा बोंडल्याने म्हशीचं, जेवण वरण-भाताचं, आणि सकाळ-संध्याकाळ, रात्री तिचं स्वतःचं. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजलेलं चांगलंच. दुपारचं एक पाजणं आधी सुटलं, मग आठवड्याने दुसरं. कडुलिंबाची गरज पडली नाही.

पुण्याला निघताना तिने बोंडलं पिशवीत भरलं. हे तिच्या भावासाठी घेतलेलं. कडेला चार चोचे पडलेत. तेव्हा तो ते आपटायचा. संध्याकाळी कोल्हापूरहून मुलाचा फोन आला. मी पहिल्यांदाच त्याला त्या परसातल्या भिंतीची गोष्ट सांगितली, गणिताच्या मार्कांसकट.

तो खूप वेळ हसला. म्हणाला, “आई, गणित कच्चं राहिलं ते बाबांमुळे. त्यांनाही येत नाही.”