नगर ते लोणी : एका पदवीचा शोध

प्रवासाला निघण्याचीं कारणें नाना प्रकारचीं असतात. कोणी देवदर्शनाला निघतो, कोणी हवापालटाला. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही काका-पुतणी नगर जिल्ह्यांत तीन दिवस हिंडलों तें एका गाईमुळें, असें म्हटलें तर वाचकांस हंसूं येईल. पण गोष्ट खरी आहे.

सात वर्षांपूर्वीं सुटींत सर्व मंडळी नेवासे तालुक्यांतील आमच्या गांवीं जमलीं होतीं. त्या सालीं पाऊस ओढला होता. कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना कोंवळे पोंगे फुटले होते. आमची कपिला दावें तोडून त्यांत शिरली आणि अर्ध्या तासांत धापा टाकीत आडवी झाली. जनावरांचे डॉक्टर पोहोंचले तेव्हां सारें आटोपलें होतें. गडी एवढेंच म्हणाला, “किरळ लागली.” डॉक्टरांनीं रक्ताचा नमुना घेतला, तें रक्त लालभडक होतें. दहा वर्षांची आमची पुतणी जवळ उभी होती. तिनें विचारलें, “गुदमरून मेली, तर रक्त इतकें लाल कसें?” डॉक्टरांनीं तिला समजेल असें उत्तर दिलें : पोंग्यांतील विषानें रक्तांतला प्राणवायु जात नाहीं; तो शरीरांतील पेशींना वापरतांच येत नाहीं. भरल्या ताटापुढें बसावें आणि घास गिळतां येऊं नये, तशी गत.

त्या उत्तरानें मुलीला जें वेड लावलें तें अद्याप उतरलेलें नाहीं. आतां ती बारावींत आहे आणि म्हणते, “मला शरीरक्रियाशास्त्रच शिकायचें आहे, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. एकाच दमांत.” दादांचें मत, हुशार मुलीनें डॉक्टर व्हावें. वहिनींचें म्हणणें सौम्य, पण अधिक अवघड : “आधीं बी.एस्सी. होऊं दे, मग पाहूं.” आमच्या घरांत ‘मग पाहूं’चा अर्थ काय होतो तें माझ्या धाकट्या बहिणीस विचारावें. 1987 सालीं ती पहिल्या वर्गांत बी.एस्सी. झाली, त्याच उन्हाळ्यांत स्थळ आलें, आणि एम.एस्सी.चा भरलेला अर्ज कपाटांतल्या कागदांत तसाच राहिला. अखेर आईनें तोड काढली : “तूं तिला घेऊन जा. ती म्हणते तो विषय तरी काय आहे, तो डोळ्यांनीं पाहून ये.”

पहिला मुक्काम नगरास. 2024 सालापासून जिल्ह्याचें व शहराचें नांव अहिल्यानगर झालें. अहिल्याबाईंचें जन्मगांव चौंडी याच जिल्ह्यांतलें. जुन्या मंडळींच्या तोंडीं मात्र अजून ‘नगर’च येतें. निजामशाहींत आसपासच्या झऱ्यांचें पाणी खापरी नळांनीं या शहरांत आणलें होतें. फराहबागेंतील वाडा पाहतांना मी पुतणीला तें कौतुकानें सांगूं लागलों. ती म्हणाली, “काका, हें पाणी येतें आणि जातें. रक्त परत येतें.” मग तिनेंच हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्याला सुमारें सत्तर मिलीलिटर रक्त पुढें जातें. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर जवळजवळ पांच लिटर. माणसाच्या अंगांत रक्तच मुळीं पांच लिटरांच्या आसपास. तेव्हां तेंच रक्त फिरून आल्यावांचून हिशेब जुळत नाहीं. अशाच हिशेबाचा आधार घेऊन विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें 1628 सालीं रुधिराभिसरण सिद्ध केलें. इकडे मलिक अंबर मरून तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं.

शहरांतील गंगाधरशास्त्री गुणे यांचें आयुर्वेद महाविद्यालय 1917 पासूनचें. देहाची घडण निराळी आणि देहाचा व्यापार निराळा, हा भेद आयुर्वेदाच्या शिक्षणांतही पाळला जातो. रचनाशारीर आणि क्रियाशारीर असे त्याचे दोन विषय आहेत. दोष, धातु, मल यांचा विचार दुसऱ्यांत येतो. परिभाषा वेगळी, पण प्रश्न तोच : हा देह चालतो कसा?

दुसऱ्या दिवशीं विळद घाट उतरून राहुरीकडे निघालों. वाटेंत महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर लागतो. 1968 सालीं स्थापन झालेल्या या विद्यापीठानें अवर्षणग्रस्त भागांतील ज्वारीवर पुष्कळ काम केलें आहे. रब्बी ज्वारी पावसावर वाढत नाहीं, काळ्या मातींत मुरलेल्या ओलीवर वाढते. पाणी कमी पडलें कीं पान गुंडाळून घेते आणि पानावरचीं सूक्ष्म छिद्रें मिटते. मला वाटे, शरीरक्रिया म्हणजे माणसाची; पण वनस्पतीलाही ती आहे, हें येथें कळलें. कपिलेच्या मृत्यूचें अर्धें उत्तरही येथेंच होतें. कोंवळ्या ज्वारीच्या पानांत विषाचें मूळ द्रव्य एका जागीं आणि तें मोकळें करणारें द्रव्य दुसऱ्या जागीं असतें. गाय चावते तेव्हां दोन्हीं एकत्र येतात. अवर्षणानें खुरटलेल्या पिकांत आणि नव्या फुटव्यांत हें मूळ द्रव्य अधिक. ज्वारी आपला जीव राखीत होती, गाईचा गेला.

राहुरीपुढें कोल्हार. तेथें प्रवरेचा पूल ओलांडून संगमनेरच्या वाटेला लागलें कीं लोणी येते. हंगाम भरांत होता. उंसानें लादलेल्या गाड्यांच्या मागें आमची मोटार मुंगीच्या पावलानें चालली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना 1950 सालीं येथें सुरू झाला. त्याच परिसरांत 1984 सालीं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि 2003 सालीं लोणीच्या वैद्यकसंस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

लोणींत ओळखीच्या एका अध्यापिकाबाईंनीं तासभर वेळ दिला. त्या कांहीं लपवून बोलल्या नाहींत. “डॉक्टर होणारीं मुलें या विषयांत पहिलें वर्ष काढतात आणि पुढें जातात. तुला येथेंच राहायचें आहे. तुला रोगी तपासतां येणार नाहीं, औषध लिहून देतां येणार नाहीं. वैद्यकीय विद्यालयांतल्या जागांसाठीं एम.डी. झालेले डॉक्टर पुढें असतील. पीएच.डी.वांचून फारसें चालणार नाहीं. हें सारें ऐकूनही हा विषय हवा असेल तर ये.”

मग पदव्यांचा हिशेब निघाला. बंगाल्यांत कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत 1900 सालीं हा विषय सुरू झाला, आणि त्या प्रांतांत बी.एस्सी.लाच तो घेतां येतो. आपल्याकडे बी.एस्सी.ला तो स्वतंत्र मिळणें विरळा. पुण्याची ‘आयसर’ ही संस्था 2006 सालीं निघाली. तिची दोन्हीं पदव्यांची जोड पांच वर्षांची, पण ती सबंध जीवशास्त्राची. 2020 च्या शैक्षणिक धोरणानें तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडण्याची मोकळीक ठेविली आहे. म्हणजे अठराव्या वर्षीं घातलेली गांठ जन्माची नव्हे. घराजवळची वाट मात्र निराळी : तीन वर्षें प्राणिशास्त्राची बी.एस्सी., आणि वैद्यकीय विद्यालयांतून तीन वर्षांची एम.एस्सी. पांचांऐवजीं सहा वर्षें.

परततांना पुतणी बराच वेळ गप्प होती. प्रवरेच्या पुलावर ती म्हणाली, “काका, मला एक वर्ष वांचवायचें नाहीं. मधली जागा नको आहे. तीन वर्षांनीं सारे पुन्हा विचारूं लागतील, पुढें कशाला? आत्याला विचारलें तसें.” माझ्याजवळ उत्तर नव्हतें, तो अर्ज कपाटांत ठेवणारांत मीही होतों.

घरीं आल्यावर सर्वांसमोर पाहिलें-ऐकलें तें सांगितलें. बाईंचे कटु बोलही गाळले नाहींत. दादा पुष्कळ वेळ विचारांत होते. “तुला डॉक्टर म्हणून कोणी हांक मारणार नाहीं, चालेल?” त्यांनीं विचारलें. “पीएच.डी. झालें तर मारतील, बाबा,” ती म्हणाली. दादा हंसले. वहिनी म्हणाल्या, “पण मध्यें चांगलें स्थळ आलें तर?” तेव्हां आई बोलली : “गाडी नदींत घातल्यावर मध्यावर बैल सोडतात का? सहा वर्षें म्हणजे सहा वर्षें. स्थळाला थांबायचें असेल तर थांबेल.”

आयसरची परीक्षा ती देणार आहे. तेथें जागा मिळाली तर उत्तम; न मिळाली तर नगरास बी.एस्सी. आणि पुढें एम.एस्सी., असें ठरलें आहे. दोन पदव्यांची जोड विद्यापीठानें घालून दिली तर बरेंच. न दिली तर ती घरानें घालावी, एवढेंच मला या प्रवासांत समजलें. बहिणीला मीं पत्रानें सर्व कळविलें. तिचें उलट उत्तर एका ओळीचें आलें : “माझीं जुनीं पुस्तकें तिला दे.”