डहीची सहा पिल्लं

मावशीच्या यजमानांची, म्हणजे आमच्या काकांची, बँकेतून डहीला बदली झाली तेव्हा घरात कुणालाच ते गाव पटकन सापडेना. धार जिल्ह्याचा पार नैर्ऋत्येचा कोपरा. देवासहून निघायचं, धार मागे टाकायचं, मग टांडा, बाग, कुक्षी आणि त्याच्याही पुढे डही. धार-देवासला आपली आडनावं पावलोपावली भेटतात. इथे कानावर भिलाली नाहीतर निमाडी.

संक्रांतीला चार दिवसांसाठी गेलो आणि दोन महिने राहिलो. कारण त्याच रात्री मागच्या खोलीत, रिकाम्या पोत्यांवर, गल्लीतली काळी कुत्री व्याली. सहा पिल्लं. लॅपटॉप होताच, नेटवर्क गच्चीवर मिळायचं.

मी लगेच वाटीत गाईचं दूध घेऊन निघालो. मावशीने ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला आणि माझी वाटी परत गेली. त्याने पिल्लांना जुलाब होतात. आईला पोटभर खाऊ घाला, पुढचं ती बघेल, असं ते म्हणाले. मग काळीला भाकरी, भात, उकडलेली अंडी. मी मात्र सवयीने एक्सेल उघडलं. रोज सकाळी प्रत्येकाचं वजन! स्वयंपाकघरातला काटा मावशीने हातही लावू दिला नाही, म्हणून वाण्याकडून जुना तराजू आणला. सर्वांत लहान पिल्लाचा आकडा तीन दिवस हललाच नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी उचलून आईच्या मागच्या, भरलेल्या आचळांशी लावायचं, एवढंच काम. मीटिंगमधून ‘एक मिनिट’ म्हणून किती वेळा उठलो, ते मॅनेजरला न कळलेलं बरं.

बाराव्या दिवशी डोळे उघडायला लागले. दोन आठवड्यांनी जंताचं पहिलं औषध, चौथ्या आठवड्यात मऊ भात. सहाव्या आठवड्यात पार्वोची लस कुक्षीहून बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणली. वाटेत ती तापली तर फुकट. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, ती नव्या घरांनी द्यायची.

खरी अडचण पुढेच होती. सहांत दोन नर, चार माद्या. नरांना पाचव्या आठवड्यातच मागणी आली. ‘कुत्री नको, दर वर्षी पिल्लं घालते’, हे सगळ्यांचं ठरलेलं. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण रोज हात जोडतो, पण दारात मादी नको! काका म्हणाले, “अरे, नर तरी देऊन टाक, तेवढा भार कमी.” मी अडून बसलो. आठ आठवड्यांआधी एकही नाही. भावंडांशी खेळतानाच तर जोरात चावायचं नाही, हे ती शिकतात.

आठ आठवडे भरले ते भगोरियाच्या दिवसांत. होळीआधीच्या या हाटांना फळियांमधून माणसं लोटतात. ढोल, बासरी, चांदीचे दागिने. एका भिलाला बाईंनी आमच्या फाटकातून आत पाहिलं आणि सरळ मादीच मागितली. नर भटकतो, मादी घर धरून बसते, शेळ्या राखते, हा त्यांचा हिशोब. मागोमाग त्यांच्या जावेनेही एक नेली. दोघींना मी शब्द दिला, की मोठ्या झाल्यावर नसबंदीचा खर्च आणि न्यायची-आणायची गाडी माझी. नर गावातच गेले. तिसरी मादी बँकेच्या शिपायाकडे.

उरली ती तराजूवरची लहानगी. पुण्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटी राहिली असती, म्हणून देवासला आईकडे नेली. “घरात कुत्रं नको,” असं आई दारातच म्हणाली. आता वजन तीच कळवते, व्हॉट्सॲपवर, ग्रॅममध्ये.

काळी दोन दिवस ती पोती हुंगत फिरली. तिसऱ्या दिवशी मावशीचा फोन आला, की अंगणात उन्हात आडवी पडलीय, भाकरी संपवलीय. काका पुढच्या महिन्यात तिला नसबंदीसाठी गाडीत घालून इंदूरला नेणार आहेत.