वेताळ रंगवताना

वेताळ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर काहीतरी येतं. पण जे येतं ते काढून दाखवा म्हटलं, की पंचाईत होते. नाक कसं? पाय कुठे? केस पांढरे की काळे? गोष्ट ऐकताना यातलं काहीच अडत नाही. चित्र काढताना मात्र प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते.

मी चित्रकार नव्हे. कॉलेजात मराठी शिकवते. मुलगा ॲनिमेशन शिकायला बेंगळूरूला गेला, आणि जाताना जुना पेन टॅब्लेट टेबलावरच ठेवून गेला. वर्षभर त्यावर धूळ बसली. फोनवर आमचं बोलणं ठरलेलं असायचं. "जेवलास?" "हो." "काय होतं?" "मेसचंच." संपलं. वडिलांशी तो कन्नडमध्ये बोले, माझ्याशी मराठीत, पण दोन्हीकडे वाक्यं सारखीच आखूड. मग गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, पेपर तपासून झाल्यावर, मी त्याला म्हटलं, "ते तुझं यंत्र कसं चालवायचं, मला सांग." दोन क्षण तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "वेताळ काढायचाय."

टॅब्लेट म्हणजे एक काळी पाटी. पेन फिरतं पाटीवर आणि रेघ उमटते समोरच्या स्क्रीनवर. हात इथे, डोळे तिथे. शिवणयंत्रावर बसणाऱ्या बायकांना हे लवकर जमेल असं माझं मत आहे, मला आठ दिवस लागले. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की केसासारखी बारीक. 'क्रिता' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेच मुलानं फोनवरून सांगत सांगत घालायला लावलं. त्यात लेअर असतात. आपण नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचो ना, तसे एकावर एक पारदर्शक कागद. एकावर आकृती, एकावर सावली, एकावर रंग. एक बिघडला तर तेवढाच काढून टाकायचा, खालचं सगळं शाबूत. संसारात अशी सोय हवी होती, असं सगळ्याच बायका म्हणतील, म्हणून मी म्हणत नाही.

पहिला प्रश्न होता कोणता वेताळ काढायचा हा. माझ्या माहेरी, चंदगडकडे, 'चांदोबा' यायचा. नवऱ्याच्या घरी कन्नड 'चंदमामा'. लग्नानंतर कळलं, की दोघांच्या डोक्यात चित्र एकच आहे, फक्त खालची अक्षरं वेगळी. खांद्यावर प्रेत, हातात उघडी तलवार आणि चालणारा राजा. ते चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली वारले. आमच्या पिढीला त्यावर १९८५ ची दूरदर्शन मालिकाही मिळाली, तिच्यातला पांढऱ्या केसांचा बेताळ अजून स्वप्नात येतो. ही दोन चित्रं मनातून पुसल्याशिवाय तिसरं काढता येत नाही. म्हणून मी मूळ कथा पुन्हा उघडली.

काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त ती आहे. राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि त्याची नगरी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण! झाड वडाचं किंवा पिंपळाचं नाही, शिंशपेचं, शिसवाच्या कुळातलं. असली झाडं आपल्याकडे खानापूरच्या रानात आहेत. सासूबाई, ज्यांना आम्ही अव्वा म्हणतो, शिसवाला 'बीटे' म्हणतात. त्यांच्या लग्नातला पलंग बीटेचा, हे मला शंभरदा तरी सांगून झालंय.

आणि रात्र आहे कृष्ण चतुर्दशीची. आराखडा पाहून मुलानं पहिलं विचारलं ते हेच. "आई, उजेड कुठून येतोय?" वेताळाच्या चित्रात मागे मोठा पिवळा चंद्र असतोच. पण अमावास्येच्या आदल्या रात्री चंद्र आणायचा कुठून? तो म्हणाला, "उजेड ठरल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही. आधी सगळं करड्यात कर." स्मशान आहे, म्हणजे चिता आहेत. उजेड जमिनीवरून, खालून वर येणार, तांबडा आणि हलता. हे ठरलं तशी सगळी आकृतीच बदलली. हनुवटी उजळली, कपाळ अंधारात गेलं. ओळखीचा चेहरा खालून उजेड टाकला की अनोळखी होतो. कंदिलाच्या काळातल्या माणसांना हे सांगायला नको.

प्रसंग मी खांद्यावरचा घेतला नाही. त्याच्या आधीचा घेतला. राजा झाडावर चढून दोर कापतो, प्रेत खाली पडतं आणि दुखल्यासारखं ओरडतं. हा माणूस जिवंत आहे असं वाटून राजा खाली उतरतो आणि दयेनं त्याचं अंग चोळू लागतो. तेव्हा ते प्रेत खदखदून हसतं. प्रेत आहे हे माहीत असून राजा त्याला लागलं का बघतो, हे मला तलवारीपेक्षा मोठं वाटलं.

तेव्हा मुख्य काम हसणाऱ्या तोंडाचं. ते रोज रात्री दहानंतर करायची. मुलानं एक युक्ती सांगितली होती. कीबोर्डवरचं एम दाबलं की चित्र आरशातल्यासारखं उलटं होतं आणि डोळ्यांना सवय झालेली वाकडी रेघ लगेच दिसते. दात, गालाच्या सुरकुत्या, डावीकडे जरा जास्त वर गेलेला ओठ. बाराव्या दिवशी त्याला चित्र पाठवलं.

त्याचा फोन आला. "आई, हे अज्जा आहेत."

मी पाहिलं. खरंच अप्पा होते. माझे सासरे प्राथमिक शाळेतले मास्तर, रोज रात्री नातवाला बेताळाची गोष्ट कन्नडमध्ये सांगायचे आणि शेवटी कोडं घालून असा डावा ओठ वर करून वाट बघायचे. अप्पा गेले त्या आठवड्यात मुलाची दहावीची परीक्षा होती. तो स्मशानात गेला, घरी येऊन अभ्यासाला बसला, दुसऱ्या दिवशी पेपर दिला. त्यानंतर अप्पांविषयी एक शब्द तो कधी बोलला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. त्या रात्री तो चाळीस मिनिटं बोलला. अज्जा कोडं घालायचे, त्यानं उत्तर दिलं की "गेला बघ बेताळ झाडावर" म्हणून दिवा मालवायचे. म्हणून तो मुद्दाम गप्प राहायचा, गोष्ट संपू नये म्हणून. कथेतल्या राजाला गप्प राहणं जमत नाही, माझ्या पोराला चांगलंच जमलं होतं.

नवऱ्याला मात्र चित्र रुचलं नाही. "गेलेल्या माणसाचं तोंड प्रेताला? अव्वानं बघितलं तर?" त्याचं चूक नव्हतं. तोंडाचा लेअर काढून टाकायला एक बटण पुरे. मी दोन दिवस त्या फाइलकडे गेले नाही.

तिसऱ्या दिवशी अव्वा स्वतःच आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं जवळच्यापेक्षा बरं दिसतं. दारात उभ्या राहून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. "अवरु हिंगं नगतिद्रु," एवढंच म्हणाल्या. ते असेच हसायचे. मी घाबरत घाबरत सांगितलं, की हा बेताळ आहे. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. बेताळ म्हणजे भूत ही पुस्तकवाल्यांची समजूत, त्यांच्या लेखी तो रात्री गावाभोवती फिरणारा राखणदार. शिरोड्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला आम्ही एकदा सगळे गेलो होतो. तिथे देवाच्या हातात तलवार आहे, आणि लोक त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणे. अप्पांनी तिथे त्या वहाणांची लांबी वितीनं मोजली होती.

अव्वा जवळ आल्या, चित्रातल्या पायांवर बोट ठेवलं. "कालाग चप्पली हाकु," म्हणाल्या. अनवाणी ठेवू नको त्यांना.

मी नवा लेअर उघडला. कोल्हापुरी काढायला सोपी वाटते, तशी नाही. अंगठ्याची पट्टी, वेणीचा गोफ, टाचेशी झिजलेला कोपरा. रात्री मुलाला पाठवली. त्याचं उत्तर आलं, की उजेड खालून आहे, तेव्हा तळव्याची कड उजळ कर, आणि अज्जांची उजवी चप्पल जास्त झिजायची, डावी नाही.